गोदूताईंची गुंतवणूक

झरी हे माझे गाव. गेल्या वर्षी घरी थोरल्या भावाच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि खर्चासाठी वडील वीटभट्टीची उचल घेण्याच्या विचारात होते. त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचे नियम शिकवले. महागडे कर्ज टाळावे, अडीअडचणीसाठी काही बाजूला ठेवावे, सारे एकाच ठिकाणी गुंतवू नये आणि धीर सोडू नये. ते वहीत उतरवताना माझ्या डोळ्यांपुढे शेअरबाजार आला नाही. आल्या त्या गोदावरी परुळेकर.

गोदूताईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात गोखल्यांच्या सुखवस्तू घराण्यात झाला. वडील नामवंत वकील. मुलीनेही कायद्याची पदवी मिळवली. त्या काळी हे केवढे भांडवल! पण ते त्यांनी स्वतःच्या सुखासाठी लावले नाही. १९३२ साली सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. पुढे त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या, मुंबईत त्यांनी साक्षरतेचे काम केले आणि १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह केला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली आणि गोदूताई आमच्या भागात आल्या. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती. येथे लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेणारा माणूस 'लग्नगडी' होई. तो, त्याची बायको आणि पुढे त्यांची मुलेही त्याच दारी राबत.

चक्रवाढीचे गणित आम्हांला बचतीचे मित्र म्हणून शिकवतात. पण हेच गणित सावकाराच्या हाती गेले की काय होते पाहा. पावसाळ्यात दिढीने एक मण भात घेतले, तर पीक निघताच दीड मण देणे. ते न फिटता दिढी चालूच राहिली, तर दुसऱ्या वर्षी सव्वादोन मण आणि तिसऱ्या वर्षी तीन मणांहून अधिक! ज्याचा दिवसच स्वतःचा नाही, तो बचत कशाची करणार?

२३ मे १९४५ रोजी झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही आणि रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आजीचे सासरे त्या सभेला होते. आजी सांगते, त्या दिवसापासून आपले हात आपले झाले.

त्याची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मरण पावले. गोदूताईंना हद्दपारी व तुरुंगवास सोसावा लागला. १९६५ साली शामराव स्थानबद्धतेतच वारले. तरीही बाईंनी आपली माणसे सोडली नाहीत. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठबिगारी रद्द करणारा देशाचा कायदा १९७६ साली झाला. झरीच्या सभेनंतर तब्बल ३१ वर्षांनी. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदूताई निवर्तल्या. आज तलासरीच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

मित्रहो, वीटभट्टीची उचल म्हणजे नव्या कपड्यांतला लग्नगडीच नव्हे काय? उचल घ्यायची ती लग्नाच्या मांडवात आणि फेडायची ती सहकुटुंब भट्टीवर, पोरांची शाळा सोडवून. मी घरी हे बोललो. वडील प्रथम रागावले. मग आजीने सासऱ्यांची आठवण काढली आणि ते गप्प बसले. शेवटी दोन शेळ्या विकल्या, थोडे भात विकले, आईच्या बचत गटातून कर्ज घेतले आणि भावाने उंबरगावच्या कारखान्यातील मजुरीतून भर घातली. लग्न लहान झाले. काही पाहुणे रुसले. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, पण धाकटी बहीण शाळेत आहे.

सरांचे चारही नियम बरोबरच आहेत. पण त्यांच्याआधी आणखी एक नियम आहे, तो मला गोदूताईंच्या चरित्रात सापडला : माणसाचे पहिले भांडवल म्हणजे त्याचा स्वतःचा दिवस. तो गहाण टाकू नये.

(द्वितीय वर्ष, कला)