बालकांस पुस्तक पाहावयास शिकविणारे गुरू : कोमेनियस

पुस्तकातील चित्र ही केवळ शोभा नसून ज्ञानाचे द्वार आहे, ही गोष्ट आज आपणांस साधी वाटते. परंतु ती शाळाशाळांतून रूढ करण्याचे मोठे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते, त्याचे अर्धे आयुष्य परदेशी निर्वासित म्हणून गेले, आणि त्याची स्वतःची पुस्तके दोनदा नष्ट झाली. त्या थोर शिक्षकाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करितो.

योहान आमोस कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. ते बारा वर्षांचे होतात न होतात तोच आईबाप निवर्तले आणि शिक्षणाची आबाळ झाली. लॅटिन शाळेची पायरी चढण्यास त्यांस सोळावे वर्ष उजाडावे लागले. वयाने वाढलेल्या विद्यार्थ्यास शाळेचे दोष लवकर दिसतात. अर्थ कळो वा न कळो, नियम घोकावयाचे आणि चुकल्यास छडी खावयाची, ही तेथील रीत त्यांच्या मनास बोचली. पुढे हर्बोर्न व हायडेलबर्ग येथे विद्या संपादून ते स्वदेशी परतले, शिक्षक झाले आणि १६१६ साली बोहेमियन बंधुसमाजाचे धर्मोपदेशकही झाले.

१६१८ साली युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६२१ साली सैन्याने फुल्नेक गाव लुटले आणि तेथे राहत असलेल्या कोमेनियस यांचे घरदार व ग्रंथ गेले. पाठोपाठ पत्नी व दोन मुले साथीच्या रोगाने दगावली. १६२८ साली धर्मछळामुळे त्यांस देश सोडावा लागला. पोलंडातील लेश्नो गावी त्यांनी आश्रय घेतला, व तेथेही अध्यापन सोडले नाही. १६३१ साली निघालेल्या त्यांच्या लॅटिन पाठ्यपुस्तकाची कीर्ती युरोपभर पसरली. तथापि जी वस्तू मुलाने पाहिली नाही, तिचे नाव त्याच्या ओठांवर बसते, मनात बसत नाही, असे त्यांचे मत होते.

१६५० पासून १६५४ पर्यंत ते हंगेरीतील शारोश्पाटक येथील शाळेत होते. तेथे त्यांनी या उणिवेवर उपाय म्हणून एक सचित्र पुस्तक रचिले. तेथे चित्रे कोरणारा कुशल कारागीर मिळेना, म्हणून हस्तलिखित न्युरेंबर्ग शहरी पाठविण्यात आले, आणि १६५८ साली ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे ‘चित्रमय जग’, प्रसिद्ध झाले. त्यात १५० पाठ होते. प्रत्येक पाठास मथळा, मथळ्याखाली चित्र, चित्रातील वस्तूंवर बारीक अंक, आणि चित्राखाली लॅटिन व जर्मन मजकूर शेजारी शेजारी, अशी मांडणी होती. मजकुरात ज्या वस्तूचे नाव येई, त्यापाशी चित्रातील तोच अंक छापलेला असे.

लोहाराचा पाठ घ्या. मूल वाचते की लोहार भात्याने विस्तव फुंकतो, चिमट्याने तापलेले लोखंड काढतो, ऐरणीवर ठेवून हातोड्याने ठोकतो आणि ठिणग्या उडतात. शब्दाजवळचा अंक पाहून ते चित्रात ऐरण शोधते, व पुन्हा मजकुराकडे वळते. डोळा असा वरखाली फिरता फिरता अर्थ आपोआप उमगतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या आत्म्याच्या पाठातही चित्र टाळलेले नाही. तेथे ठिपक्यांनी रेखिलेली मनुष्याकृती आहे.

ग्रंथ छापून होण्यापूर्वीच दुसरा घाला पडला. १६५६ साली लेश्नो जळाले, आणि चाळीसहून अधिक वर्षे खपून तयार केलेल्या चेक-लॅटिन कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. चौसष्ट वर्षांचा हा वृद्ध अॅमस्टरडॅम येथे जाऊन पुन्हा लिहावयास बसला. १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांचे देहावसान झाले. हॉलंडातील नार्डेन येथे त्यांची समाधी आहे. ‘चित्रमय जग’ मात्र १६५९ सालीच इंग्रजीत गेले, अनेक भाषांत उतरले, आणि शतकाहून अधिक काळ मुलांच्या हाती राहिले. जर्मन महाकवी गटे यांनीही बालपणी ते वाचिले होते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या भूगोलाच्या व शास्त्राच्या पुस्तकांत मथळे, आकृत्या, अंक, नकाशे व अनुक्रमणिका आहेत. ती ओलांडून थेट प्रश्नोत्तरे पाठ करावयास धावू नका. प्रथम मथळा वाचून पाठ कशाविषयी आहे ते ताडा. मग आकृती पाहा, तिच्याखालील ओळ वाचा. मजकुरात आकृतीचा उल्लेख येताच थांबून तीकडे परत जा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मूल पुस्तक उघडून बराच वेळ चित्रच पाहत बसले, तर ते वेळ दवडीत आहे असे समजून त्यास रागावू नये. त्याच्या शेजारी बसावे, चित्रावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारावे, आणि उत्तर मजकुरात शोधू द्यावे. ज्याने सर्वस्व गमावूनही मुलांसाठी लिहिणे सोडले नाही, त्या गुरूची शिकवण घरोघरी चालविण्यास एवढे पुरे आहे.