प्लेगची लस देणारे हाफकिन

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. ज्यांचे नाव तिला दिले ते वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात जन्मले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत अहोरात्र खपून हाफकिन यांनी मृत प्लेगजंतूंची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच टोचून घेतली. तरी लोक भीत होते. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. ते पाहून खोजा जमातीतील हजारो लोक पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. लस प्रयोगशाळेत दूषित झाली नव्हती, हे तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९३० साली ते वारले. आपली मिळकत त्यांनी आपल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवली होती.

पालकहो, परधर्मीय, परदेशी माणसाने आपल्या शहरासाठी जीव धोक्यात घातला आणि आपल्यातील एका नेत्याने त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवला. मुलांना विज्ञान शिकविताना हे दोघेही त्यांना सांगावेत.