स्मृतिदिन विशेष : पोरांसाठी हाताने दैनिक लिहिणारे अमळनेरचे मास्तर

अमळनेर : जून लागला की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. कापूस लागवडीची घाई, बियाण्याच्या दुकानात गर्दी. याच गडबडीत 11 जूनची तारीख येते आणि निघून जाते. शाळा उघडलेल्या नसतात, त्यामुळे पोरांनाही आठवण राहत नाही. तो दिवस साने गुरुजींचा.

‘श्यामची आई’वाले गुरुजी घराघरात माहीत आहेत. पण आपल्या खान्देशात बातमी लिहिणाऱ्या माणसाचे ते पहिले मास्तर आहेत, असं मी मानतो. पत्रकारितेचा वर्ग त्यांनी कधी घेतला नाही. तरी त्यांच्या आयुष्यात या धंद्याचा सगळा अभ्यासक्रम सापडतो.

पांडुरंग सदाशिव साने मूळचे कोकणातले. 24 डिसेंबर 1899 ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडला जन्म. गरिबीत, कुठे कुठे राहून शिक्षण पूर्ण केलं. अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. मग 1924 साली इथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. आज आपण ज्याला प्रताप हायस्कूल म्हणतो, तीच ही शाळा. पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

वसतिगृहातली पोरं म्हणजे पोरंच. अंथरुणं तशीच, भांडी तशीच, कपडे कुठेही टाकलेले. गुरुजी रागावत नसत. गुपचूप खोली झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, भांडी घासून ठेवायचे. दोन-चार दिवसांनी पोरांना आपोआप लाज वाटायची आणि ती स्वतः कामाला लागायची. कोणी आजारी पडलं तर उशाशी गुरुजी बसलेले.

याच पोरांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे. छापखाना नाही, जाहिरात नाही. सगळा अंक स्वतःच्या हाताने लिहिलेला. वाचक किती? वसतिगृहात असतील तेवढेच. पण रोज अंक निघायचा. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं.

आज आम्ही बातमी टाकली की आधी किती जणांनी पाहिली ते बघतो. गुरुजींना आपला प्रत्येक वाचक नावाने माहीत होता. कोणाला घरची आठवण येते, कोणाकडे फीचे पैसे नाहीत, हे ठाऊक असलेला माणूस त्याच पोरांसाठी लिहीत होता. मला यातून एक गोष्ट समजली. बातमी म्हणजे विचारपूस. आधी माणसाची चौकशी करायची, मग लिहायचं.

1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि त्यात उतरले. धुळ्याचा तुरुंग झाला, दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीचा तुरुंग झाला. 1932 मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे. एका रविवारी एक अध्याय, असे अठरा अध्याय झाले. गुरुजी खाली बसून ते सगळं भराभर लिहून घ्यायचे. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झालं, ते पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. गुरुजींनी लिहून घेतलं नसतं तर ते बोल तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते. स्वतः मोठे लेखक, पण तिथे स्वतःचं काही घुसडलं नाही. बातमीदाराने दुसऱ्याचं बोलणं कसं ऐकावं, याचा याहून मोठा धडा कोणता?

दुसऱ्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायी हिंडले. 1938 मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. शेतकऱ्याचा बुडालेला हंगाम, सरकारचा सारा, गिरणी कामगाराची मजुरी, हे त्यांचे विषय होते. ते टेबलावर बसून सुचलेले नव्हते. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या ओट्यावर ते आधी बसून आलेले असायचे.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी गारपीट झाली. मी बांधावर न जाता फोनवर ऐकून बातमी दिली आणि एका गावाचं नावच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिथले एक आबा मोडलेली केळी घेऊन माझ्या दारात उभे. काही बोलले नाहीत. केळी ओट्यावर ठेवली आणि गेले. मी स्वतः शेतकरी असून मला ते कळू नये, याची आजही लाज वाटते.

गुरुजींचे विद्यार्थी शाळेपुरते नव्हते. पुढे चार वेळा खासदार झालेले मधु लिमये तरुणपणी धुळ्याच्याच तुरुंगात त्यांच्या सहवासात आले. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं आणि दार उघडलं. 15 ऑगस्ट 1948 ला त्यांनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं.

मग 11 जून 1950. मुंबईत गुरुजींनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. वय अवघं पन्नास.

हे लिहिताना हात थांबतो, पण लपवून काय उपयोग? सगळ्यांची विचारपूस करणारा माणूसही आतून खचतो. आपल्या गावात अशा बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वाटलं की आठ दिवस आधी त्या घरी जायला हवं होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मांडव मोठा होता, गुरुजींचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तो मांडव उठला. आता पाऊस लांबला तर शेजारच्या भाऊच्या ओट्यावर दहा मिनिटं बसून या मंडळी. कसं चाललंय, एवढं विचारलं तरी पुरे.