युनिक्स सुरक्षित नाही, हे लिहून ठेवलं होतं युनिक्स बनवणाऱ्या डेनिस रिचींनीच

२०१९ मध्ये एक मजेशीर बातमी जगभर फिरली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या कोडमध्ये साधारण चाळीस वर्षांपूर्वीची पासवर्डची फाईल सापडली होती आणि हौशी मंडळींनी त्यातले पासवर्ड एकेक करून फोडले होते. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांचा पासवर्ड निघाला बुद्धिबळातली एक चाल. ती शोधायला आजच्या कॉम्प्युटरलाही चार दिवसांहून जास्त वेळ लागला. दुसरे जनक डेनिस मॅकॲलिस्टर रिची यांचा पासवर्ड मात्र अगदीच चिल्लर निघाला. स्वतःच्या नावातून काढलेली चार इंग्रजी अक्षरं, डीमॅक.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांपूर्वीच्या पासवर्डचं आज काय? तर विषय असा आहे, की तुमच्या फोनमधलं गेमिंग ॲप बँकेच्या ॲपमध्ये डोकावू शकत नाही, यामागे रिची आणि थॉम्पसन यांच्या टीमची कल्पना आहे. आणि फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये हॅकर शिरतात, तेव्हा बऱ्याचदा ज्या फटीतून शिरतात, ती रिचींनी बनवलेल्या भाषेत राहून गेलेली आहे. अँड्रॉईड, आयफोन, विंडोज, लिनक्स यांत सगळ्यात सुरक्षित कोण, हा वाद घालायचा तर आधी हा माणूस समजून घ्यावा लागतो.

पीएचडी राहिली ती राहिलीच

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल गावचा. बालपण गेलं न्यू जर्सीत. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोनच्या स्विचिंग सर्किटवरच्या एका नावाजलेल्या पुस्तकाचे ते सहलेखक. डेनिस हार्वर्डला गेले, भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि मग गणिताच्या वाटेने कॉम्प्युटरकडे वळले. पीएचडीचा प्रबंधही लिहून झाला होता. पण विद्यापीठाला बांधीव प्रत द्यायची असते, ती त्यांनी कधी दिलीच नाही. त्यामुळे पदवी मिळाली नाही. त्यांनाही त्याचं फारसं काही वाटलेलं दिसत नाही.

१९६७ मध्ये ते वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तिथे तेव्हा मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पावर काम चालू होतं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून एक अशी सिस्टीम बनवत होते, जिच्यावर शेकडो लोक एकाच वेळी काम करतील. शेकडो लोक एका मशीनवर म्हटलं, की एकाचं दुसऱ्याला दिसू नये ही काळजी आलीच. म्हणून मल्टिक्समध्ये सुरक्षेचा विचार पहिल्या दिवसापासून होता. किल्ल्याला एकात एक तटबंदी असावी तशी तिची रचना होती. सगळ्यात आतल्या भागात फक्त सिस्टीमचा गाभा.

पण प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. मग थॉम्पसन यांनी एका जुन्या, पडून असलेल्या पीडीपी-७ मशीनवर स्वतःची छोटीशी सिस्टीम लिहायला घेतली. रिची त्यांना येऊन मिळाले. मल्टिक्सची थोडी थट्टा करत तिचं नाव पडलं युनिक्स.

२४ किलोबाईटचा संसार

पुढे या टीमला पीडीपी-११ हे नवं मशीन मिळालं. त्याची मेमरी होती २४ किलोबाईट. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून मोठा असतो. एवढ्या जागेत मल्टिक्सच्या तटबंद्या बसणं शक्यच नव्हतं. म्हणून युनिक्समध्ये सुटसुटीत नियम आले. प्रत्येक फाईलला एक मालक. ती फाईल कोण वाचू शकेल, कोण बदलू शकेल, कोण चालवू शकेल, याच्या चिठ्ठ्या फाईललाच चिकटवलेल्या. आणि सगळ्यांच्या वर एक सर्वाधिकारी, ज्याला कुठलाच नियम लागू नाही. त्याचं नाव रूट.

यात एक अडचण होती. पासवर्डच्या फाईलमध्ये बदल करायचा हक्क फक्त रूटला. मग साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? यावर रिचींनी उपाय काढला, सेटयूआयडी. म्हणजे एखादा प्रोग्रॅम, तो कोणीही चालवला तरी, चालण्यापुरते मालकाचे अधिकार वापरतो. बँकेची तिजोरी आपल्याला उघडता येत नाही, पण काउंटरवरचा कॅशियर आपल्यासाठी ठरावीक एकच काम करून देतो, तसंच हे. या कल्पनेचं पेटंट एकट्या रिचींच्या नावावर आहे. अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. पुढे कंपनीने ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

पण हा कॅशियरच भोळा निघाला तर? त्याला फसवून कोणीही तिजोरीपर्यंत पोहोचू शकतो. पुढची कित्येक वर्षं युनिक्स फोडणाऱ्यांचा हा आवडता रस्ता राहिला.

१९७२ च्या सुमारास रिचींनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्स त्या भाषेत नव्याने लिहिलं गेलं. सी वेगवान होती, आटोपशीर होती आणि प्रोग्रॅमरवर पूर्ण विश्वास टाकणारी होती. खरा घोळ या विश्वासात आहे. बँकेच्या स्लिपवर नावासाठी दहा चौकोन आहेत आणि तुम्ही पंधरा अक्षरांचं नाव लिहिलंत, तर माणूस तुम्हाला थांबवेल. सी थांबवत नाही. उरलेली पाच अक्षरं शेजारच्या रकमेच्या चौकोनात जाऊन बसतात. याला म्हणतात बफर ओव्हरफ्लो. मुद्दाम लांबलचक मजकूर पाठवून तो शेजारच्या जागेत सांडवायचा आणि मशीनला आपल्या तालावर नाचवायचं, हे हॅकर्सचं जुनं तंत्र आहे. मल्टिक्स ज्या पीएल/वन भाषेत लिहिली होती, तिच्यात मजकुरासोबत त्याची लांबीही ठेवलेली असायची. तिथे हा प्रकार फारसा होत नसे. २४ किलोबाईटच्या मशीनवर रिचींचा निर्णय चूक म्हणता येणार नाही. पण ते मशीन गेलं आणि भाषा राहिली.

रिचींना यातलं कळत नव्हतं असं समजू नका. त्यांनी सत्तरच्या दशकातच युनिक्सच्या सुरक्षेवर एक छोटा निबंध लिहिला. ही सिस्टीम सुरक्षा डोळ्यासमोर ठेवून बनवलेलीच नाही, त्यामुळे तिच्यात भोकं असणारच, असं त्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं. साध्यासुध्या कमांडनी अख्खी सिस्टीम कशी झोपवता येते, सेटयूआयडीत धोका कुठे आहे, हेही सांगितलं. स्वतःच्या मालाबद्दल इतकं सरळ बोलणारी कंपनी आज शोधून सापडणार नाही.

पोराने दाखवून दिलं

२ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. युनिक्सवर चालणारे अंदाजे ६,००० कॉम्प्युटर त्यात सापडले. त्याच्या शस्त्रांपैकी एक होतं बफर ओव्हरफ्लो, दुसरं सोपे पासवर्ड ओळखणं. आणि या पोराचे वडील कोण? रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्जमधले रिचींचे जुने सहकारी. युनिक्सच्या पासवर्डवरचा १९७९ चा गाजलेला शोधनिबंध त्यांनीच थॉम्पसन यांच्यासोबत लिहिला होता.

मग विंडोजचं काय? तिचं मूळ डॉसमध्ये. डॉस होती एका टेबलावर एका माणसासाठी. दुसरा कोणी वापरेल हा विचारच नाही, त्यामुळे अधिकारांच्या चिठ्ठ्याही नाहीत. विंडोज ९५ आणि ९८ याच पायावर उभ्या होत्या. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीत मात्र फाईलचे अधिकार युनिक्सपेक्षाही बारकाईने ठरवता येत होते. पण घरोघरी पोहोचलेल्या एक्सपीमध्ये पहिलंच खातं ॲडमिनचं असायचं. म्हणजे कुलूप भारी, आणि किल्ली दारालाच लटकवलेली. परवानगी विचारणारी ती वैतागवाणी खिडकी आली थेट व्हिस्टामध्ये, २००७ ला. आणि २००३ चा ब्लास्टर वर्म विंडोजमध्ये शिरला तो बफर ओव्हरफ्लोमधूनच. कारण विंडोजही मुख्यतः सी आणि तिच्या पुढच्या पिढीच्या भाषेत लिहिलेली.

अँड्रॉईडने तर कमालच केली. तो लिनक्सवर चालतो आणि लिनक्स युनिक्सच्या साच्यातला. युनिक्समध्ये प्रत्येक माणसाला वेगळा युजर आयडी असायचा. अँड्रॉईडने तो प्रत्येक ॲपला देऊन टाकला. तुमच्या फोनमधली ॲप्स एकमेकांसाठी परकी माणसं आहेत, म्हणून एकाला दुसऱ्याची फाईल वाचता येत नाही. आयफोनची सिस्टीमही युनिक्सच्याच घराण्यातली, बीएसडी शाखेची.

रिचींना १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. न्यू जर्सीतल्या घरी ते एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ ला ते घरात मृतावस्थेत आढळले. स्टीव्ह जॉब्स जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता आणि सगळ्या बातम्या त्यांच्याच होत्या.

त्यांनी सोडलेली फट बुजवण्याचं काम मात्र आता कुठे जोरात सुरू झालंय. आपल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात, हे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. अँड्रॉईडमध्ये तेव्हा हेच प्रमाण ७६ टक्के होतं. नवा कोड रस्टसारख्या, चौकोनाबाहेर लिहू न देणाऱ्या भाषांमध्ये लिहायला घेतल्यावर २०२४ पर्यंत ते २४ टक्क्यांवर आलं. डिसेंबर २०२२ मध्ये रस्टला लिनक्सच्या गाभ्यातही प्रवेश मिळाला. त्या गाभ्याचा बहुतांश भाग आजही सीमध्येच आहे.