पस्तीस माता, पाच मुले

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की १८४८ सालची भिडेवाड्यातील मुलींची शाळा आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील दुसरे एक कार्य जयंतीच्या भाषणांत एका वाक्यात उरकले जाते. ते कार्य बाळंतिणींचे होते.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंचा विवाह १८४० साली जोतीरावांशी झाला. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते.

त्या काळच्या पुण्यात ब्राह्मण कुटुंबातील विधवेस गर्भ राहिला, तर विषारी औषध, विहीर किंवा चोरून प्रसूती व अर्भकाचा अंत, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. संबंधित पुरुषास कोणी जाब विचारीत नसे! १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली होती. समाजाने दिलेली नव्हती. जोतीरावांच्या एका स्नेह्याकडे स्वयंपाकास असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेने असेच आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर फुले दांपत्याने स्वतःच्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. वर्ष १८६३. विधवांनी गुप्तपणे यावे, निर्धास्त बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी जाहीर सूचना शहरात लावण्यात आली. येणाऱ्या स्त्रियांची देखभाल सावित्रीबाईंकडे होती.

या गृहाचा हिशेब जोतीरावांनी १८८४ साली, बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना नमूद केला आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे प्रसूत झाल्या होत्या. मुले हयात होती अवघी पाच. उरलेली तीस, गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे दगावली, असे त्यांनी मानले. आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना आकडा दिसला की फलनिष्पत्ती मोजण्याची खोड असते. त्या दृष्टीने ही योजना फसलीच म्हणावी लागेल. वस्तुतः हा आकडा गृहाविषयी नसून गृहाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या महिन्यांविषयी बोलतो. त्या महिन्यांत ज्या स्त्रीला मन मोकळे करावयास एकही माणूस नव्हते, तिचे एकाकीपणच गर्भाच्या जिवावर उठले. शिवाय, त्या पस्तीसजणींपैकी कितीजणी अन्यथा काशीबाईच्याच वाटेने गेल्या असत्या, हा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

गरोदरपणातील नैराश्याकडे दुर्लक्ष झाल्यास अकाली प्रसूतीचा व कमी वजनाच्या बालकाचा धोका वाढतो, हे आजचे वैद्यकशास्त्र मान्य करते. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना गरीब मातेस जे अर्थसाहाय्य देते, ते रुग्णालयातील प्रसूतीशी निगडित आहे. ते आवश्यकच आहे. पण भयग्रस्त स्त्रीपाशी पहिल्या महिन्यापासून कोणी बसावे, याची तरतूद पैशाने सहजी होत नाही. सावित्रीबाईंच्या घरात खाटेइतकेच महत्त्व त्या बसण्याला असले पाहिजे.

याच गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेले मूल फुले दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० साली जोतीराव निवर्तले. १८९७ च्या प्लेगात यशवंताने पुण्याबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना तेथे पोहोचवीत होत्या. त्यातच त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.