चित्रकार नंदलाल बोस

शहापूर-मुरबाडकडील पाड्यांवर कारवीच्या कुडास शेणमाती लिंपून, वर गेरू देऊन तांदळाच्या पिठानें चित्रें काढण्याची चाल जुनी आहे. त्यांस लागणारें सर्व सामान घरीं व रानांत मिळतें. पण प्रदर्शन भरवावयाचें म्हटलें कीं तें शहरांतून विकत आणलेल्या वस्तूंनींच सजवावें लागतें, अशी आपली समजूत. ती चुकीची आहे हें ज्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें, त्या नंदलाल बोस यांची हकीकत आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

नंदबाबूंचा जन्म बिहारांतील मुंगेर जिल्ह्यांत खरगपूर येथें 3 डिसेंबर 1882 रोजीं झाला. कॉलेजच्या परीक्षांत त्यांस वारंवार अपयश आलें. चित्त सारें चित्रांत होतें. 1905 च्या सुमारास कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत ते अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. पुढें अजिंठ्यास जाऊन त्यांनीं तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि 1922 पासून 1951 पर्यंत शांतिनिकेतनच्या कलाभवनाचें प्रमुखपद सांभाळलें.

सन 1936 च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत भरावयाचें होतें. तें खेडें म्हणजे खानदेशांतील फैजपूर. आपल्या आसनगांवावरून जाणारा लोहमार्ग भुसावळास पोंचतो. तेथून तें फारसें दूर नाहीं. महात्मा गांधींनीं तेथील रचनेचें व सजावटीचें काम नंदबाबूंवर सोंपविलें. आपण चित्रकार, बांधकाम आपणांस ठाऊक नाहीं, अशी त्यांनीं हरकत घेतली. ती चालली नाहीं. अट मोठी अवघड होती : त्या मुलखांत मिळेल तेंच सामान वापरावयाचें व तेथलेच कारागीर लावावयाचे. नंदबाबूंनीं स्थपति म्हात्रे यांच्यासह बांबूंचें नगरच उभें केलें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू ज्या रथांतून आले, त्यास सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या. तो रथहि नंदबाबूंनींच सजविलेला. 25 डिसेंबर रोजीं ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडतांना गांधींनीं या दोघांचा जाहीर गौरव केला.

एवढ्या थोर चित्रकारानें बांबूंच्या कमानी उभारण्यांत वेळ दवडावा काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें हेंच काम अधिक कठीण. रंगांची पेटी विकत घेतां येते; रानांतल्या काठीची शोभा ओळखण्यास डोळा लागतो. 2018 सालीं आपल्या राज्यांत थर्मोकोलच्या सजावटीस बंदी झाली, तेव्हां आतां मखर कशाचें करावें असा प्रश्न कित्येक घरांत पडला. बुरुडाच्या दारावरून जातांनाहि तो सुटला नाहीं!

फेब्रुवारी 1938 मध्यें गुजराथेंतील हरिपुरा येथें हाच प्रयोग पुन्हां झाला. हातकागदावर मातीच्या रंगांनीं नंदबाबूंनीं स्वतः 80 हून अधिक चित्रें रंगविलीं. शिष्यांनीं केलेल्या प्रती धरून तीं सुमारें 400 झालीं. सुतार, शिंपी, ढोल वाजविणारा, भात कांडणाऱ्या बायका असे त्यांचे विषय. तीं बंद दालनांत न ठेवतां दरवाजांवर व मंडपांवर लावलीं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्यास आपलेंच रूप तेथें दिसावें. जोडीला रंगविलेलीं मडकीं व भाताच्या लोंब्या होत्या.

फैजपूरचें नगर अधिवेशनापुरतेंच होतें. हरिपुऱ्याच्या चित्रांपैकीं बरींच मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखिताची सजावटहि नंदबाबू व त्यांचे शिष्य यांनींच केली. 16 एप्रिल 1966 रोजीं ते निवर्तले.