स्प्रिंगचा नियम कोड्यात लपवणारा रॉबर्ट हूक

दर शनिवारी मी शिरूरहून न्हावरे, चौफुला करत दौंडला जातो. गाडी रोजच्या वापरातली साधी हॅचबॅक. वळणावर फार झुकते, म्हणून तिला ३० मिमी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाकायचं मनात होतं. सेट शोधता शोधता, ज्याच्या नियमावर हे सगळं गणित चालतं त्या माणसाकडे वळलो.

रॉबर्ट हूक. अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण त्याला एका ओळीत उरकतो. १६३५ साली इंग्लंडच्या आईल ऑफ वाइट बेटावर एका पाद्र्याच्या घरी जन्म. १३ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे ऑक्सफर्डला तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला आणि त्याच्यासाठी हवेचा पंप बनवला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त त्याने बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं. तोच शब्द आजही चालतो. १६६६ च्या आगीनंतर जळालेल्या लंडनची मोजणी करणाऱ्यांतही हा होताच.

पण स्प्रिंगच्या बाबतीत हूक भलताच संशयी. स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना त्याने बरीच वर्षं झाकून ठेवली. १६७५ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने तशीच कल्पना जाहीर केली आणि हूक खवळला. मग आपला नियम चोरीला जाऊ नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो १४ लॅटिन अक्षरं उलटसुलट करून छापला. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी हॅश जाहीर केला, मूळ मजकूर नंतर. उत्तर १६७८ मध्ये दिलं: स्प्रिंग जितकी ताणली जाते, तितकाच तिचा जोर वाढतो.

आता हे गाडीला लावू. समजा, १०० किलो भाराला स्प्रिंग ४ सेमी दबते. म्हणजे २०० किलोला ८ सेमी. खड्ड्यात चाकावर तेवढा जादा भार आला आणि बंप स्टॉपपर्यंत ८ सेमी जागा असली, तर जेमतेम निभावतं. गाडी ३ सेमी खाली घेतली की जागा उरते ५. म्हणून लोअरिंग स्प्रिंग कडक करतात. पण ३० टक्के कडक केली तरी २०० किलोला ती साधारण ६.२ सेमी दबणार. म्हणजे ठोकर बसणारच. मागच्या सीटवर आई असते आणि तिला कंबरेचा त्रास आहे, हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

हूकचे शेवटचे दिवस कडवट गेले. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी बिनसलं ते कायमचंच. मार्च १७०३ मध्ये हूक वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं म्हणावं असं एकही चित्र आज नाही. मला वाटतं, घड्याळाची कल्पना झाकून न ठेवता वेळीच छापली असती तर निदान घड्याळाचं भांडण तरी टळलं असतं.

दौंडकडे जाताना रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर दिसला की त्याच्या शाफ्टवरचा क्रॉस बघा. इंग्रजी पुस्तकांत त्याला अजून हूक्स जॉइंट म्हणतात.

मी स्प्रिंग कंपनीचेच ठेवले. झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेवढे बदलले.